अंगठेबहाद्दर

मराठी भाषेने माणसाच्या बहुतेक अवयवांना काही ना काही मान दिला आहे. नाक वर असतं, मान ताठ असते, छाती पुढे काढता येते, पाठ थोपटून घेता येते. डोळ्यांवर तर कवींच्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या गेल्या. बिचाऱ्या अंगठ्याच्या वाट्याला मात्र जन्मभर उपेक्षाच आली. कुणी कुणाला फसवलं की त्यानं 'अंगठा दाखवला'. गुरुदक्षिणेत कापला गेला तोही अंगठाच. आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो 'अंगठेबहाद्दर'! शूर माणसासाठी राखून ठेवलेला एक चांगला शब्द आपण इतक्या कुत्सितपणे दुसऱ्या कुठल्याही अवयवाला जोडलेला नाही.

मी तळोद्याच्या एका बँकेत कारकून असल्यामुळे अंगठ्याशी माझा संबंध रोजचा आहे. तळोदा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. चांदसैलीचा घाट चढून वर गेलं की धडगाव, खाली उतरलं की केळी, पपई आणि ऊस. आमच्या काउंटरवर मराठी, अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, हिंदी आणि अधूनमधून गुजराती अशा सात भाषा बोलल्या जातात. यांपैकी एकही संगणकाला कळत नाही. त्याला फक्त 'इनव्हॅलिड' एवढा एकच शब्द येतो, आणि तो तो सातही भाषकांना सारख्याच निर्विकारपणे ऐकवतो. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

तर अंगठा. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. पुढच्या दोन-चार वर्षांत, तळोदा अजून धुळे जिल्ह्यात होतं तेव्हा (नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला), गावोगावी रात्रीचे वर्ग भरले. दिवसभर निंदणी करून आलेल्या बायका कंदिलाच्या उजेडात पाटीवर 'ग'च्या शेजारी काना काढू लागल्या. या सगळ्या खटाटोपाचं उद्दिष्ट, ग्राहकाच्या भाषेत सांगायचं तर, एकच होतं : बँकेतल्या जांभळ्या शाईच्या पॅडपासून अंगठा सोडवणे. ज्या दिवशी एखादी बाई अंगठ्याऐवजी सही करून पैसे काढी, त्या दिवशी घरी गोड होत असे. अंगठा धुतला गेला. निरक्षरतेचा डाग गेला.

आणि मग सरकारने सांगितलं, आता अंगठा द्या.

ही क्रांती आमच्याच जिल्ह्यात झाली, हे मी अभिमानाने नमूद करतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शेजारच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या दहा जणांना दिले. पुढे २०१४ साली जनधन खाती आली. त्यानंतर गावातल्या बँक-मित्राकडचं ते काडेपेटीएवढं, तांबडा डोळा लुकलुकवणारं यंत्र आलं. त्यावर बोट ठेवलं की पैसे! ज्या अंगठ्याला पंचवीस वर्षांपूर्वी आपण हाकलून दिला होता, त्याला सन्मानाने परत बोलावून थेट सिंहासनावर बसवला. फरक एवढाच की पूर्वी अंगठा लावणारा निरक्षर समजला जाई, आता अंगठा लावणारा 'डिजिटल'.

साक्षर करण्याची ही दुसरी लाट फक्त ग्राहकांवरच आली असं मात्र कुणी समजू नये. ती आधी नोकरदारांवर आली. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणकाची परीक्षा सक्तीची केली आणि नापासांची वेतनवाढ रोखण्याची सोय केली. वेतनवाढीइतका उत्तम शिक्षक आजवर कुठल्याही बी. एड. कॉलेजला तयार करता आलेला नाही. बँकांची गोष्ट त्याहून जुनी. १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रं किती आणि कुठे बसवायची यावर करार झाला, १९८४ साली डॉ. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला, आणि मग मोठमोठ्या लेजरांच्या जागी हळूहळू यंत्रं आली. मी नोकरीला लागलो तोवर लेजरं माळ्यावर गेली होती आणि उंदीर त्यांचं ऑडिट करत होते.

पण लेजरातून थेट संगणकात आलेली पिढी मी जवळून पाहिली. आमचे हेडकॅशियर त्या पिढीतले. हा माणूस लेजराच्या पानावर नुसती नजर फिरवून बेरीज सांगत असे. नोटांच्या गड्डीचा नुसता आवाज ऐकून "यात एक कमी आहे" म्हणत असे, आणि ती असे. पूर्वी ३० जून आणि ३१ डिसेंबरला बॅलन्सिंग करताना एका रुपयाच्या फरकासाठी तो रात्रीचे दोन वाजवी. एका रुपयासाठी अठरा रुपयांचा चहा पिऊन होई, पण चहाचा हिशेब वेगळा.

अशा माणसासमोर संगणक ठेवला, तेव्हा त्यांना '@' हे चिन्ह शोधायला पहिल्या दिवशी सात मिनिटं लागली. शाखेत हसू झालं. पुढे सगळ्यांना जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला पाठवलं. प्रशिक्षक चोविसेक वर्षांचा होता. तो इतक्या वेगाने बोलत होता, की त्याची पुढची गाडी चुकणार असावी. शेवटी त्याने विचारलं, "काही शंका?" अशा वेळी कुणी शंका विचारायची नसते, कारण जेवणाची वेळ झालेली असते. पण आमचे हेडकॅशियर उठले.

"साहेब, नोंद चुकली तर खोडायची कुठे?"

"सोपं आहे काका. डिलीट करायचं."

"आणि सही?"

"कसली सही?"

"खोडल्याची. लेजरात आम्ही चुकीचा आकडा रबरानं पुसत नाही. त्यावर लाल रेघ मारतो, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी सही करतो. इथे पुसलं तर पुसणारा कोण, ते कसं कळायचं?"

प्रशिक्षकाने प्रथमच वेग कमी केला. म्हणाला, पास झालेली नोंद इथेही पुसता येत नाही. उलटी नोंद करावी लागते, दोन्ही नोंदी राहतात, आणि प्रत्येकीवर कुणाच्या नावाने, किती वाजता केली, हे कोरलेलं असतं. एकाने भरायची, दुसऱ्याने तपासून पास करायची.

"म्हणजे हे लेजरच आहे की!" हेडकॅशियर म्हणाले, आणि बसले. त्यांचं प्रशिक्षण तिथे संपलं. आम्ही उरलेले दोन दिवस बटणं शिकत होतो.

परत आल्यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष एका ओळीचा होता : पासवर्ड म्हणजे सही. नंतर एका नव्या पोराने घाईच्या वेळी "काका, तुमचा पासवर्ड सांगा ना, पटकन पास करतो" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी शांतपणे चेकबुक त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "आधी याच्या पंचवीस चेकांवर सह्या करून दे. कोऱ्या." पोरगं गेलं ते परत आलं नाही.

आता हल्ली प्रशिक्षण पडद्यावरच असतं. सायबर सुरक्षेचे धडे येतात, प्रत्येक धड्याखाली प्रश्न असतो, प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चौथा 'वरील सर्व' असा असतो. हा चौथा पर्याय निवडून अख्खा देश साक्षर होत आहे. आमच्या ओळखीचा एक इंजिनीअर झालेला तरुण अधिकारी असे सगळे धडे शंभर टक्के गुणांनी पास झाला. पुढे त्याला मोबाईलवर निरोप आला, की बिल न भरल्यामुळे आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, खालील क्रमांकावर संपर्क साधा. त्याने साधला. समोरच्याने सांगितलेलं ॲप उतरवून घेतलं, आणि साडेनऊच्या आत खात्यातली वीज गेली. हेच निरोप आमच्या पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला आले असते तर तो म्हणाला असता, "तोडा की. पण आधी आणा तर खरी!"

हेडकॅशियर मात्र धडे संपूर्ण ऐकत. वही घेऊन. निळ्या शाईने मजकूर आणि लाल शाईने शंका.

त्यांची खरी परीक्षा पडद्यावर झालीच नाही. ती काउंटरवर झाली. एक सत्तरीची आजी निराधाराचे पैसे काढायला आली. गावातल्या यंत्रावर तिचा अंगठा लागत नव्हता. तीन वेळा गेली, तीन वेळा यंत्राने नकार दिला, आणि तिसऱ्या वेळी कुणीतरी तिला सांगितलं की "तुझा अंगठा बाद झाला." मग उसनवारी करून काळी-पिवळीने ती तळोद्याला आली. घरात मीठ-मिरचीपुरतेही पैसे नव्हते, हे तिने सांगितलं नाही; पिशवी रिकामी होती, तिने सांगितलं. अंगठा पुढे करून तिने विचारलं,

"भाऊ, मना अंगठा कथा गया?"

अंगठा जागेवर होता. गेल्या होत्या त्या त्यावरच्या रेषा. ते यंत्र बोटाच्या कातडीवरचे बारीक चढ-उतार वाचतं. पन्नास वर्षं खुरपं धरलं, भाकरी थापल्या, राखेनं भांडी घासली की चढही जातात आणि उतारही जातात. ज्याने जन्मभर हातांनी काम केलं, त्याचे हातच यंत्राला ओळखू येत नाहीत. ज्यांनी काही काम केलेलं नाही अशांचे अंगठे पहिल्या फटक्यात लागतात, हे मी रोज पाहतो.

हेडकॅशियरनी स्वतःचा अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी धरला. पस्तीस वर्षं ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजल्यामुळे तोही गुळगुळीत झाला होता. आम्हा कर्मचाऱ्यांसाठीही सकाळी बोट लावायचं यंत्र आहे, आणि ते रोज सकाळी त्यांना ओळख देत नसे.

"माय, मना बी चालत नही," ते म्हणाले. आजी हसली. तिचा बाद झालेपणा निम्मा झाला.

मग त्यांनी विचारलं, "सही येते?"

आजीने पदर सारखा केला. येत होती. रात्रीच्या वर्गात शिकली होती. पण पुढे सगळीकडे अंगठाच मागू लागले, तेव्हा कित्येक वर्षांत तिच्याकडे कुणी सही मागितलीच नव्हती. हेडकॅशियरनी पैसे काढायची स्लिप भरली. आजीने पेन खुरप्यासारखं धरलं आणि एकेक अक्षर पेरलं. दोन मिनिटं लागली. मागच्या रांगेत दोघे-तिघे कुरकुरले, त्यांच्याकडे पाहून हेडकॅशियर फक्त म्हणाले, "सही चालू आहे." न्यायालयात शपथ चालू असताना जशी शांतता होते तशी शांतता झाली.

नंतर त्यांनी एका बोटाने, पण एकदाही न चुकता, खातं उघडलं आणि पडद्यावर तिच्या जुन्या सहीचा स्कॅन आणला. खात्याच्या कार्डावर तिने केव्हातरी केलेली तीच सही, तोच वाकडा काना. पासबुकावरचा फोटो पाहिला. "जुळली," म्हणाले, आणि पैसे मोजून दिले. दोनदा मोजून.

हे व्हायला नियमात काहीही आडवं येत नव्हतं. सोय आधीपासून होती. ती आठवणारा माणूस हवा होता.

सरकारने ग्रामीण भागासाठी २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं होतं. सहा कोटी घरांतल्या एकेका माणसाला वीस तासांत साक्षर करायचं उद्दिष्ट होतं. मार्च २०२४ मध्ये ते संपलं. वयाची अट चौदा ते साठ. म्हणजे आजी त्यात कधी बसलीच नसती. साठी बुद्धी नाठी ही म्हण कुठेतरी शासननिर्णयात गेली असावी.

हेडकॅशियर निवृत्त होण्याच्या आठवड्यात वरून एक तक्ता आला. शाखेतले डिजिटल साक्षर किती, निरक्षर किती, ते कळवा. रकाने दोनच होते. मी तो भरायला बसलो आणि आजीपाशी अडलो. तिला सही येते, अंगठा येत नाही. तिच्याकडे मोबाईल नाही, म्हणून तिला आजवर कुणी ऑनलाइन फसवलेलं नाही. तिला कुठे घालायचं?

मी हेडकॅशियरना विचारलं. त्यांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला, पट्टी घेतली, लाल शाईने एक तिसरा रकाना आखला, वर 'इतर' असं लिहिलं आणि शेजारी सही केली.

"त्यात दोन लिहा," म्हणाले.