चार्जरच्या दोन बाजू

विजेच्या उपकरणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचण्याची चाल आपल्या घरांत फारशी नाही. उपकरण चालू झाले की आपले काम झाले, अशीच आपली समजूत. परंतु तोच मजकूर अर्धवट वाचला गेला तर शेजाऱ्यावर अन्याय होऊ शकतो, हे विद्यानगरातील आमच्या इमारतीत नुकतेच दिसून आले.

तळमजल्यावर राहणारा एक तरुण भाडेकरू घरोघर सामान पोचविण्याचे काम करतो. त्याची विजेवरची स्कूटर रात्री इमारतीच्या सामाईक मीटरवर चार्ज होते. चार्जरवर ‘आउटपुट ५४.६ व्होल्ट, १० अँपिअर’ असे छापलेले आहे. सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी हिशेब मांडला : भिंतीतील वीज २३० व्होल्टची, चार्जर १० अँपिअरचा, म्हणजे २३०० वॅट. चार तासांत ९.२ युनिट. युनिटला ८ रुपये धरून महिन्यातील १५ वेळांचे सुमारे ११०० रुपये त्याने द्यावेत. आकड्यांपुढे कोण काय बोलणार? तो तरुणही मान खाली घालून बसला. दिवसभर उन्हातान्हात फिरणाऱ्याला ११०० रुपये म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

गुणाकारात चूक नव्हती. चूक होती ती संख्या निवडण्यात. २३० व्होल्ट हे भिंतीकडचे आणि १० अँपिअर हे बॅटरीकडचे. चार्जरच्या दोन बाजूंचे आकडे एकत्र गुणले गेले होते.

आमच्या वाडवडिलांना ही गोष्ट सांगावी लागली नसती. या शहरात १९५९ पर्यंत हाली सिक्का चाले. साधारणतः ६ कलदार रुपये दिले की ७ हाली हाती येत. नाणी वाढत, पण धन वाढत नसे. उलट सराफ आपला बट्टा कापून घेई. हाली नाणी मोजून त्यांना कलदाराचा भाव लावणाऱ्याला बाजारात कोणी शहाणे म्हटले नसते. चार्जर हा असाच एक सराफ होय. तो भिंतीतील चढ्या दाबाचा थोडा प्रवाह घेतो आणि बॅटरीला उतरत्या दाबाचा अधिक प्रवाह देतो. खरे धन म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार, म्हणजेच वॅट. आणि तो गुणाकार एकाच बाजूच्या आकड्यांचा असावा लागतो.

त्याप्रमाणे बॅटरीला मिळतात ५४.६ गुणिले १०, म्हणजे ५४६ वॅट. चार्जर तापतो तो त्याचा बट्टा. भिंतीतून घेतलेल्या शंभर वॅटांतील बारा त्यात जातात असे धरले, तर भिंतीतून सुमारे ६२० वॅट जातील. चार तासांत अडीच युनिट, महिन्याचे ३०० रुपये. आम्ही हे कागदावर मांडून दाखविले. तथापि कागदावर कोणाचाच विश्वास बसेना, म्हणून प्लगमध्ये लावण्याचा छोटा मीटर आणून दोन रात्री मोजणी केली. दोन्ही वेळा आकडा अडीच युनिटांच्या किंचित आतच राहिला, कारण बॅटरी भरत आली की प्रवाह आपोआप कमी होतो. ज्येष्ठ सदस्यांनी स्वतःच ठराव दुरुस्त केला. मात्र त्यांची दुसरी शंका रास्त होती. जोडवायर पातळ होती आणि प्लग सैल होता. अशा ठिकाणी तीन-चार अँपिअर प्रवाहही तासन् तास वाहिला तर उष्णता साठते. तेथे भूतार असलेला पक्का सॉकेट बसविण्यात आला.

याच्या उलट गफलतही होते. मोबाईलच्या चार्जरवर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ०.५ अँपिअर’ असे असते. त्यावरून २४० गुणिले ०.५ करून १२० वॅटचा धसका घेणारे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु इनपुटचा अँपिअर ही कमाल मर्यादा असते, आणि ती बहुधा सर्वांत कमी दाबावर, म्हणजे १०० व्होल्टवर, गाठली जाण्याची शक्यता धरून छापलेली असते. आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर बॅटरीकडे १० वॅट जातात आणि भिंतीतून फार तर बारा-तेरा.

तेव्हा गृहिणींनी आणि गृहस्थांनी एवढेच ध्यानात ठेवावे. बॅटरीला चार्जर मानवेल का, हे आउटपुट सांगते : दाब बॅटरीला जुळणारा हवा, आणि इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १५ अँपिअर, प्रवाह पुरतो. तार आणि सॉकेट यांना भार झेपेल का, हे इनपुट सांगते. बिल किती येईल, हे मात्र दोन्हींपैकी कोणताच अँपिअर एकटा सांगत नाही. त्यासाठी वॅट आणि तास लागतात. आणि दुसऱ्याच्या नावावर रक्कम मांडायची असेल, तर आधी मीटर लावून पाहावा.