लिफाफ्यात लिफाफा

निवडणूक पार पाडणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत मोजणीपर्यंत पोचेलच असं नाही, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या शिक्षकांना फार लवकर कळली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळा, बँका, महापालिका आणि तहसील कचेऱ्यांमधून दर निवडणुकीला माणसं ड्युटीवर जात. कुणी केंद्राध्यक्ष, कुणी मतदान अधिकारी, कुणी शिपाई. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना शाई लावायची, आणि आपल्या मताचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. कागदोपत्री त्याला टपाली मतदान म्हणत. शिक्षकखोलीत सगळे ‘पोस्टल’ म्हणायचे. ‘बाई, तुमचं पोस्टल आलं का?’ हा प्रश्न परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांइतकाच नेहमीचा होता.

तेव्हा ठाणे जिल्हा अखंड होता. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यामुळे डोंबिवलीच्या शाळेतल्या माणसाला जव्हार-मोखाड्याची ड्युटी लागली तरी तो आपलाच जिल्हा. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीत बसायचं, जिल्हा परिषदेच्या शाळेत रात्र काढायची. मतदानाच्या दिवशी डोंबिवलीत येऊन मत देणं शक्यच नव्हतं. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत त्याची सोय होती: नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागायची. ड्युटी आपल्याच मतदारसंघात असेल तर १२-अ भरायचा आणि ईडीसी, म्हणजे निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन, जिथे काम तिथेच मत द्यायचं. ईडीसी मिळणारा नशीबवान. २००९ पासून नव्या मतदारसंघांमुळे यात आणखी एक गुंता झाला. डोंबिवली आणि कल्याण पूर्व कल्याण लोकसभेत, पण कल्याण पश्चिम भिवंडी लोकसभेत. म्हणजे डोंबिवलीकराला कल्याण स्टेशनच्या पूर्वेला ड्युटी लागली तर ईडीसी, आणि पूल ओलांडून पश्चिमेला लागली तर पोस्टल.

ते पाकीट हातात आलं की मी आधी जेवणाचं टेबल पुसून घ्यायची. आत मतपत्रिका, छापील सूचना, १३-अ हे घोषणापत्र, १३-ब चा छोटा लिफाफा आणि १३-क चा मोठा. मतपत्रिकेवर केंद्रावरचा शिक्का नाही, आपल्या पेनानं खूण करायची. ती घडी घालून छोट्या लिफाफ्यात, लिफाफा चिकटवायचा, त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक. तोच क्रमांक घोषणापत्रावर. मग बंद छोटा लिफाफा आणि घोषणापत्र मिळून मोठ्या लिफाफ्यात. मोठ्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता आणि मतमोजणीपूर्वी उघडू नये अशी ताकीद छापलेली. या रचनेबद्दल मला तेव्हाही आदर होता, आजही आहे. मतदार कोण ते घोषणापत्र सांगतं, मत काय ते छोटा लिफाफा झाकतो. मोजणीच्या टेबलावर आधी मोठा लिफाफा उघडतात, घोषणापत्र आणि क्रमांक तपासतात, घोषणापत्रं बाजूला काढून ठेवतात, आणि मग छोटे लिफाफे उघडतात. माणूस आणि त्याचं मत वेगळं करण्याची ही पद्धत यंत्राशिवाय, निव्वळ कागदावर उभी आहे.

पण याच रचनेत मत बाद होण्याच्या जागा होत्या. घोषणापत्रावर सही राहिली, साक्षांकन नसलं, क्रमांक जुळला नाही, तर छोटा लिफाफा उघडतच नाहीत. उघडल्यावर दोन नावांपुढे खूण दिसली किंवा मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं असलं तरी मत गेलं. आणि शिक्षकाचा हात सहीला सोकावलेला. आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेली माणसं प्रामाणिकपणे मतपत्रिकेवरही सही करून मोकळी होत. सप्टेंबर १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकत्र आल्या तेव्हा लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी असे दोन संच सांभाळायचे होते. यातलं त्यात गेलं की संपलं.

साक्षांकनाचा त्रास सगळ्यात मोठा. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. आमच्या सोसायटीत असा अधिकारी कुठला? मग ओळखीतून कुणीतरी शोधायचा, रविवारी सकाळी त्याच्या दारात उभं राहायचं. नियमात दुसराही रस्ता होता: ज्या केंद्रावर ड्युटी, तिथल्या केंद्राध्यक्षासमोर सही केली तरी चालते. हे बहुतेकांना ठाऊकच नसे. मुरबाडकडच्या एका गावात आम्ही चौघांनी रात्री मतपेटीचे कागद आवरल्यावर आमच्या केंद्राध्यक्षांकडून घोषणापत्रं साक्षांकित करून घेतली होती. त्यांनी प्रत्येकाचा अनुक्रमांक मोठ्यानं वाचून दोनदा ताडून पाहिला. निवडणुकीचं काम मनापासून करणारा माणूस कसा असतो, ते मी तिथे पाहिलं.

मग टपाल. लिफाफा मोजणीसाठी ठरलेल्या वेळेआधी पोचला पाहिजे, ही अट तेव्हाही होती आणि आताही आहे. उशिरा आलेला लिफाफा न उघडता वेगळा बांधून ठेवतात. मी पदरचे पैसे घालून रजिस्टर करायची, पावती पर्समध्ये जपून ठेवायची. ते रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. अनेक देशांत निकाल त्याच रात्री लागतो, त्यामुळे टपालाची घाई असते. ब्रिटनमध्ये टपाली मत मतदानाच्या रात्री दहापर्यंत पोचावं लागतं, जर्मनीत संध्याकाळी सहापर्यंत. आपल्याकडे मोजणी पुढे असल्यानं दिवस पुष्कळ मिळतात. २०२४ ला ठाणे-कल्याणचं मतदान २० मे रोजी झालं, मोजणी ४ जूनला. तरीही आमच्या वेळी मतं उशिरा पोचत, कारण मुळात पाकीटच उशिरा हाती पडायचं.

आता हे सगळं बदललं आहे. २०२३ मध्ये नियमांत १८-अ आला. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यानं सुविधा केंद्रातच टपाली मतपत्रिका घ्यायची, तिथेच आडोशाला खूण करायची, तिथेच पेटीत टाकायची. प्रशिक्षणाच्याच ठिकाणी टेबल मांडलेलं असतं, साक्षांकन करणारा अधिकारी समोर बसलेला असतो, उमेदवारांचे प्रतिनिधीही असतात. पाकीट घरी न्यायचा प्रश्नच नाही. निवडणूक आयोगाचं कारणही पटण्यासारखं होतं: मतपत्रिका कर्मचाऱ्याकडे दिवसचे दिवस राहते, त्या काळात कुणी दडपण आणू शकतं, आमिष दाखवू शकतं. हे होत असे. मतपत्रिका घरी आहे असं कळलं की संघटनेचे, पक्षाचे लोक ‘बघू दे’ म्हणायला यायचे, आणि नाही म्हणणं प्रत्येकाला जमायचं नाही.

मला त्या टेबलावरच्या शांत तासाची आठवण येते, खोटं का बोलू. उमेदवारांची नावं पुन्हा पुन्हा वाचायला वेळ मिळायचा. पण आठवणीसाठी मतं बाद होऊ द्यायची का? सुविधा केंद्रात दिलेलं मत पोचतं. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला बदल आहे.

सैनिकांचंही तसंच. मतपत्रिका सीमेवर जायची आणि परत यायची, उमेदवारी निश्चित झाल्यापासून मोजणीपर्यंतच्या मोजक्या दिवसांत. २०१६ पासून ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं जाते. जवान ती छापून घेतो, खूण करतो आणि टपालानं परत पाठवतो. मोजणीच्या वेळी लिफाफ्यावरचा क्यूआर कोड वाचतात. एका बाजूचा टपालप्रवास वाचला.

आणि गृहमतदान. २०१९ मध्ये नियम बदलून ऐंशी वर्षांवरच्या आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून टपाली मत देण्याची सोय झाली. २०२४ च्या लोकसभेला ती पहिल्यांदाच देशभर राबवली गेली. आमच्या शेजारच्या आजींकडे मी ते पाहिलं. बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, घरून मत देण्याचा अर्ज, नमुना १२-ड, आधीच भरून नेला होता. ठरलेल्या दिवशी पथक आलं: दोन मतदान अधिकारी, व्हिडिओ काढणारा, एक पोलीस. पुठ्ठ्याचा आडोसा पलंगाजवळच्या स्टुलावर मांडला. आजी म्हणाल्या, ‘सगळे बाहेर जा.’ मुलगाही गेला. आत त्या एकट्या, चष्मा, पेन आणि मतपत्रिका. पुन्हा आत बोलावलं तेव्हा घडी त्यांनी स्वतःच घातलेली होती. लिफाफे बंद झाले, सही झाली, पेटी पुढच्या इमारतीकडे निघाली. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे पथकानं आजींना आधीच समजावून सांगितलं होतं.

या मतांचं वजन किती? ठाण्याला लागूनच असलेल्या मुंबईचं उदाहरण घ्या. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते: ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मतं त्यांचे प्रतिस्पर्धी रवींद्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. लोकसभेची जागा लिफाफ्यांनी ठरवली. मोजणी आठ वाजता टपाली मतांपासूनच सुरू होते, यंत्रं अर्ध्या तासानं उघडतात. आधी यंत्रांची शेवटून दुसरी फेरी टपाली मोजणी संपल्याशिवाय करत नसत. मध्यंतरी ती अट सुटली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानं ती परत आणली, हे बरं झालं. विजयाचं अंतर बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, हेही प्रतिनिधींनी लक्षात ठेवावं.

दोन गोष्टी मात्र मला मान्य नाहीत. एक, परदेशातली आपली मुलं. डोंबिवलीच्या कितीतरी घरांत मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे. भारतीय नागरिक म्हणून नमुना ६-अ भरून त्यांचं नाव इथल्या यादीत येऊ शकतं, पण मत द्यायला त्यांनी स्वतः यायचं. लंडनमध्ये राहणारा भारतीय, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तिथल्या संसदेसाठी टपालानं मत देऊ शकतो, डोंबिवलीसाठी नाही. सैनिकासाठी जी यंत्रणा चालते ती त्यांच्यासाठी का चालू नये, याचं उत्तर मिळालं पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. मार्च २०२४ मध्ये ऐंशीची अट पंच्याऐंशीवर नेली. ऐंशीवरचे बहुतेक जण केंद्रावरच येतात, घरून मत मागणारे थोडे, असं कारण सांगितलं गेलं. थोडे आहेत म्हणूनच तर त्यांची सोय करणं सोपं आहे. डोंबिवली, कल्याण, नौपाड्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींना लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरची ब्याऐंशी वर्षांची बाई २० मेच्या उन्हात जिना उतरून रांगेत उभी राहील, हे धरून चालणं बरोबर नाही. ऐंशीची अट परत आणा.

तोवर ज्यांच्या घरी पंच्याऐंशीच्या पुढचं किंवा दिव्यांग कुणी असेल त्यांनी एवढं करावं: अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवा. बीएलओची वाट पाहत बसू नका, त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा. आणि मतपत्रिकेवर सही करू नका.