निजामाच्या हद्दीतलं गवत

थिओडोर कुक यांच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’चे भाग 1901 ते 1908 या काळात निघाले. महाराष्ट्रातल्या झाडापानांचा अभ्यास करणारा माणूस आजही त्या पुस्तकाकडे वळतो. त्यात नगरची रानं आहेत, नाशिकची आहेत. आमचे डोंगर मात्र नाहीत. मुंबई इलाखा इंग्रजांचा आणि औरंगाबाद निजामाचं, एवढंच कारण. पैठणला गोदावरीच्या अलीकडचा हिवर निजामाची रयत, पलीकडचा इंग्रजांची! उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून शेळ्या इकडच्या तिकडे जात असणार आणि त्यांच्या पोटातून हिवराचं बी, कुणाचा परवाना न घेता.

1948 साली निजामाची राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1958 मध्ये इथं विद्यापीठ निघालं. पुस्तकातली हद्द पुसायला मात्र त्यानंतरही चाळीस वर्षं जावी लागली. विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी 1979 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचा फ्लोरा लिहिला आणि 1998 मध्ये ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’. दोन खंड, आणि तेही याच शहरातल्या अमृत प्रकाशनाचे.

असली पुस्तकं कुणी गोष्टीसारखी वाचत नाही. मी वाचतो. पान एकाआड एक की समोरासमोर? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? एकेक प्रश्न ओलांडत, चुकीच्या वाटा सोडत आपण एका झाडाच्या दारात येऊन उभे राहतो. मग दोन-चार ओळींत त्याची उंची, खोड, पान, फूल, आणि शेवटी ते कुठे दिसलं त्या जागा. आपल्या माहितीचं गाव त्या ओळीत भेटलं की उगाच कॉलर ताठ होते.

आमच्याकडचं वैभव हे असं शोधावं लागतं. गोगाबाबाच्या टेकडीवर दिवाळीनंतर गेलात तर पायजम्याला कुसळं चिकटतात. माणसं शिव्या देत ती उपटून फेकतात. एक कुसळ फेकण्याआधी तळहातावर घ्यावं. खाली टोकदार बी, वर पीळ भरलेली लांब काळपट शेपटी. बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला की ती शेपटी हळूहळू उलगडायला लागते, हातावरच गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ घेते. दवानं ओलं व्हायचं, उन्हानं सुकायचं आणि दर फेऱ्याला बी थोडं आणखी जमिनीत रुतवायचं, असा हा गिरमिटाचा कारभार. जेमतेम सातशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात राहायचं तर एवढी अक्कल हवीच.

अलीकडे निसर्गावरची मराठी-इंग्रजी पुस्तकं भरपूर निघतात, छपाईही देखणी असते. पण बहुतेकांचा मुक्काम सह्याद्रीत, त्यातही कासच्या पठारावर. श्रीकांत इंगळहळीकरांच्या 2001 सालच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’नं किती जणांना रानात नेलं! त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की कोरड्या माळावरचा तरवड किंवा गौताळ्यातली कागदासारखी साल सोडणारी सालई यांच्या वाट्याला असं कौतुक फार कमी आलं.

शिवाय रान काही पुस्तकासाठी थांबत नाही. कुकच्या पानांत गाजर गवत सापडणार नाही. त्याची पुण्यातली पहिली नोंद 1950च्या दशकातली. आज ते विद्यापीठापासून वेरुळापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना उभं आहे. दौलताबादचं सीताफळ मुळात अमेरिका खंडातलं. हे किल्ल्याखालच्या विक्रेतीला सांगून पाहिलं, तर तिनं टोपली पुढे सरकवून, “आधी खाऊन तर बघा, दादा,” म्हटलं.

तेव्हा मराठवाड्याच्या झाडांवर कुणी नवं पुस्तक काढणार असेल तर माझ्या मागण्या तयार आहेत. भाषा मराठी. शास्त्रीय नावाशेजारी गुराख्याच्या तोंडचं नाव, आणि गावागणिक नाव बदलत असेल तर ती सगळी. पान गळल्यावर झाड कसं दिसतं त्याचं एक चित्र, कारण आमच्याकडे अर्धं वर्ष झाडं तशीच असतात. आकार खिशात मावेल एवढा. आणि किंमत अशी, की ओढ्यात पडलं तर पुस्तकामागे उडी मारावीशी वाटू नये.