तांबडी भिंत

रंगांच्या कुटुंबात लाल रंगाइतका आगाऊ दुसरा कोणी नाही. पांढरा बिचारा सोवळ्यात असल्यासारखा अंग चोरून बसतो. निळा आपल्याच तंद्रीत दूर आभाळात. हिरवा आमच्याकडे पावसाळ्यात इतका बोकाळतो, की त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. लाल मात्र चारचौघांत खाकरून उभा राहतो आणि म्हणतो, 'मी आलोय!' घरात असं एखादं माणूस असलं की त्याचा जाच होतो, आणि ते गावाला गेलं की घर सुनं वाटतं. लाल रंगाचं तसंच आहे.

माझं सारं आयुष्य पाम, बोईसर, तारापूर आणि पालघर एवढ्याच टापूत गेलं. पण लाल रंग पाहायला मला कुठं लांब जावं लागलं नाही. रेल्वेच्या रुळांवर तो सिग्नल होऊन डोळे वटारतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर पांढऱ्याशी जोडी जमवून पट्ट्यापट्ट्यांनी चढतो, म्हणजे आभाळातून जाणाऱ्या विमानाला धोका कळावा. पोस्टाच्या पेटीवर तो पोट पुढं काढून उभा असतो. आणि वळणावरून धुरळा उडवीत येणारी एस. टी.! 1948 सालच्या जूनच्या पहिल्या तारखेला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली गाडी सुटली. पुढं लोकांनी या लाल गाडीला आधी 'लाल डबा' म्हणून नावं ठेवली आणि मग लाडानं 'लाल परी' म्हटलं. आपल्या माणसालाच अशी दोन्ही नावं मिळतात.

धोक्याला लाल रंगच का, असं वर्गात हमखास कुणीतरी विचारतं. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांत लाल रंगाच्या लहरी सर्वांत लांब. त्यामुळं हवेत त्या इतरांपेक्षा कमी विखुरतात आणि लांबवर पोचतात, असं मी सांगतो. पण मला गंमत वाटते ती निराळीच. सिग्नलचा लाल म्हणतो 'थांब', आणि एस. टी.चा नि पोस्टाच्या पेटीचा लाल म्हणतो 'ये'. एकाच तोंडानं दोन उलट गोष्टी सांगणारा हा गृहस्थ, आणि दोन्ही वेळा आपण त्याचं ऐकतो!

जगभर त्यानं हाच उद्योग केला आहे. विलायतेत टपालपेट्या आधी हिरव्या होत्या. त्या झाडाझुडपांत दिसेनात, लोक तक्रार करू लागले, म्हणून 1874 पासून त्यांना लाल रंग दिला गेला. लंडनमध्ये बसगाड्यांच्या अनेक कंपन्यांची चढाओढ चालली होती. त्यांतल्या एकीनं आपल्या गाड्या उठून दिसाव्यात म्हणून 1907 साली त्या लाल रंगवल्या. आज तोच त्या शहराचा कुंकवाचा टिळा झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल 1937 साली खुला झाला. आरमाराला त्यावर काळे-पिवळे पट्टे हवे होते. पण पोलादावर मुळात जो तांबूस हात दिलेला होता, तोच वास्तुशिल्पी मॉरो यांच्या मनात भरला, आणि पूल तशाच रंगाचा झाला. मॉस्कोतल्या 'लाल चौका'ची कथा तर फारच गोड आहे. रशियन भाषेत त्या जुन्या शब्दाचा अर्थ 'सुंदर' असा होता. तोच पुढं 'लाल' या अर्थानं रूढ झाला. म्हणजे तो चौक मुळात 'सुंदर चौक'. शेजारच्या क्रेमलिनच्या भिंती तर एके काळी चुन्यानं पांढऱ्या केलेल्या असत. आणि आपल्या दिल्लीत शहाजहाननं तांबड्या दगडाचा कोट उभारला, तो 1648 साली पुरा झाला. पण स्वतःच्या राहण्याचे महाल मात्र त्यानं आत संगमरवराचे केले. बाहेर लाल, आत पांढरा. राजेलोकांचं सारंच निराळं!

एवढी ही मिरवणारी मंडळी, पण त्यांतल्या कितीतरी जणांचं कुळ शोधत गेलं तर मूळपुरुष निघतो लोखंडाचा गंज. किल्ल्याचा दगड त्यानंच तांबडा. मंगळुरी कौल भट्टीत भाजल्यावर लाल होतं तेही मातीतल्या लोखंडामुळं. स्वीडनमध्ये खेडोपाडी लाकडी घरं लाल रंगवतात. तो रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या लोहयुक्त मातीचा. खाण 1992 साली बंद झाली, रंग अजून चालू आहे. आपल्या अंगातलं रक्तसुद्धा लोखंडामुळंच लाल. आणि आमच्याकडचा गेरू? त्याच गोत्रातला.

या गेरूपाशी मला खरं तर यायचं होतं. इथून पूर्वेला डोंगराकडं वळलं की वारल्यांचे पाडे लागतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गेरूचा हात. त्या तांबड्या भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, आत पालघाट देवी बसते. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. पण याच पाड्यांनी दुसराही एक लाल पाहिला आहे. वेठबिगारीखाली पिचलेल्या वारल्यांनी 1945 साली गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं लाल बावटा खांद्यावर घेतला आणि जमीनदारांची फुकटची राबणूक नाकारली. ज्याच्या घराची भिंत तांबडी, त्याच्या पोटात भाकरी नव्हती, हे भिंतीचं कौतुक करताना विसरून चालत नाही.

दोन वर्षांमागं मुंबईहून काही हौशी पाहुणे आले होते. त्यांना मी एका पाड्यावर घेऊन गेलो. सातवीतली माझी एक विद्यार्थिनी दारातच उभी होती. पाहुण्यांतल्या एक बाई भिंतीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती सुंदर गं! असंच ठेवा हं हे घर, बदलू नका."

पोर चटकन म्हणाली, "बाई, भिंत तुम्हाला आवडते, पण सारवावी आईला लागते. दर पावसानंतर."

बाई हसल्या. पोरीची आई मात्र हसली नाही. तिनं पदराला हात पुसले. बोटांच्या भेगांत गेरू बसला होता. तो धुतल्यानं जाणारा नव्हता.

तेव्हापासून कुणी 'पारंपरिक घरं टिकवा' असं म्हणालं, की मला ती बोटं दिसतात. टिकवायचं कुणी? ज्याला गळक्या छपराखाली रात्र काढायची नाही, त्यानं हे सांगणं सोपं. आणि उलट, सगळंच पुसून राखाडी सिमेंट करावं, हेही मनाला पटत नाही. कारण ती भिंत नुसती गरिबी नव्हती. आजीनं आईला आणि आईनं लेकीला शिकवलेलं त्या घरचं अक्षर होतं ते.

यंदा त्या घराला सरकारी घरकुल मिळालं. दसऱ्यानंतर मी मुद्दाम जाऊन आलो. स्लॅबचं पक्कं घर, आत कोरडं, दाराला कडी. बापानं तीन भिंतींना पोपटी रंग दिलेला. ओटीवरची चौथी भिंत मात्र तांबडी! सिमेंटावर गेरू धरत नाही, म्हणून बोईसरच्या बाजारातून तांबड्या रंगाचा डबा आणला होता. त्यावर पोरीनं पांढऱ्यानं एक भली मोठी एस. टी. काढली होती. खिडकीखिडकीत त्रिकोणी अंगांची माणसं, टपावर कोंबड्यांची पाटी, आणि मागं लटकलेला एक उशीर झालेला गडी.

मी म्हटलं, "आईनं हीच भिंत तांबडी का ठेवली गं?"

ती म्हणाली, "दिवाळीत रांगोळीला लागतेच ना तांबडी जमीन, गुरुजी? आई म्हणाली, तशी एक भिंत पण असू दे." मग जरा थांबून, खुशीत येऊन तिनं सांगितलं, "आणि आता ही सारवावी लागत नाही."