नवतप्यातली चंदेरी वेल

बाहेरून आलेल्या झाडाची नागपूरची हवा फार कठीण परीक्षा घेते. 23 मे 2013 रोजी इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 ला तो 3.5 पर्यंत उतरला. माझ्या बैठकीतली सिंडॅप्सस पिक्टस मूळची जावा-बोर्निओकडच्या दमट जंगलांतली. तिथे ती मोठ्या झाडांच्या सावलीत बुंध्याला धरून वर चढते. ती इथे नुसती जगत नाही, नवी पानं काढते, याचं मला दर उन्हाळ्यात नव्याने अप्रूप वाटतं.

रोपवाटिकेत तिला सिल्व्हर मनी प्लांट म्हणतात. आपला नेहमीचा मनी प्लांट वेगळा, पण कूळ एकच. अळू आणि सुरणही त्याच कुळातले. त्यामुळे पान चावलं तर तोंडाला अळूसारखीच खाज सुटते, आणि रांगतं मूल असलेल्या घरात कुंडी उंचावरच हवी. मनी प्लांटच्या पिवळट पट्ट्यांत हरितद्रव्य कमी असतं. या वेलीचे चंदेरी ठिपके मात्र वेगळ्याच कारणाने चमकतात: पानाच्या वरच्या पातळ थराखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांच्यावरून प्रकाश परततो. सकाळच्या तिरप्या उजेडात ते पान मखमलीसारखं दिसतं.

रोप देताना रोपवाटिकेतल्या काकांनी सांगितलं होतं, “ताई, पाणी कमी टाकजा. तहान लागली की पान सोताच गुंडाळते.” हे अगदी खरं आहे. पानाच्या कडा आत वळल्या की पाणी घालायचं, पान पुन्हा उलगडतं. पावसाळ्यात आणि थंडीत मी एवढ्याच खुणेवर चालते.

नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, मात्र ही खूण दोन अर्थांची होते. मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. माती ओली असली तरी पानातून पाणी इतक्या झपाट्याने उडतं की मुळांना तेवढं पुरवता येत नाही, आणि पान गुंडाळतं. अशा वेळी आणखी पाणी ओतलं तर तापलेल्या, चिंब मातीत मुळं कुजतात. म्हणून मी आधी मातीत बोट घालून बघते. ओल लागली तर तांब्या बाजूला ठेवते आणि कुंडी हलवते.

कुठे, तर कूलरच्या खोलीत. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला ओलावा या वेलीला मानवतो, पण थेट झोत नको. कुंडी कोपऱ्यात, झोताच्या बाजूला. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तिला कधीच द्यायचं नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि दिवसेंदिवस दाट होत जातात. ताट्यांवर चढणारा पांढरा थर तोच. नागपूरकरांनी ही एक गोष्ट तरी पाळावी, असं मला कळकळीने वाटतं. कोरड्या उष्णतेत पानामागे कोळी ही बारीक कीडही होते, म्हणून ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसते.

माती आपली काळी नकोच. ती ओल धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कोकोपीट, सालीचे जाडे तुकडे आणि थोडं गांडूळखत पुरतं. थंडीत कुंडी खिडकीपासून आत सरकवते, पाणी आणखी कमी करते.

मृगाचा पाऊस सुरू झाला की हवा तिच्या मनासारखी होते. गेल्या पावसाळ्यात मी कुंडीत सागाची खरबरीत फळी उभी केली. तोवर वेल खाली लोंबत होती, पानं लहान येत होती. फळीला टेकवलेल्या पेरांतून मुळं फुटली आणि त्यांनी लाकूड धरलं. आता नवीन पान फळीला चपटं चिकटूनच उघडतं आणि आधीच्यापेक्षा मोठं निघतं. फळी लवकरच अपुरी पडेल. पुढची उंच बघायला मी सुताराला सांगून ठेवलं आहे.