मुंबई दूरदर्शनचा वर्धापनदिन आणि यवतमाळचा प्रेक्षक

दूरचित्रवाणी केंद्राच्या वर्धापनदिनाचा विशेष कार्यक्रम हा आठवणींचा कार्यक्रम असतो. जुने निवेदक आणि वृत्तनिवेदक पुन्हा एका मंचावर येतात. कृष्णधवल काळातल्या चित्रफितींचे तुकडे दाखवले जातात, गाजलेल्या मालिकांतले कलावंत पडद्यामागच्या हकिकती सांगतात, दिवंगतांचे स्मरण होते. हे सारे प्रेक्षकाने त्या त्या वेळी पाहिलेले आहे, असे या कार्यक्रमात गृहीत धरलेले असते. मुंबई-पुण्यातल्या घरांपुरते ते खरेही आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रेक्षकाची गोष्ट वेगळी आहे. मुंबई दूरदर्शनचे पहिले दशक त्याने घडताना पाहिलेच नाही. इतरांना जे पुन्हा भेटत होते, ते त्याला वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांतून पहिल्यांदा भेटले. तरीही त्या काळाबद्दलची त्याची ओढ मुंबईकराइतकीच खरी आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारतात दूरचित्रवाणीची प्रायोगिक सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली होती. त्यानंतर हे माध्यम मिळालेले मुंबई हे दुसरे शहर. राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी वसंतराव नाईक होते, पुसद तालुक्यातील गहुली गावचे. मुख्यमंत्री यवतमाळ जिल्ह्याचा, पण राजधानीतले हे नवे माध्यम त्याच्या जिल्ह्यापर्यंत पोचणे शक्य नव्हते. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंच मनोऱ्यावरूनही प्रक्षेपण शंभरएक किलोमीटरच्या परिसरापुरतेच राहते. मुंबई ते यवतमाळ हे सरळ रेषेतले अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. विदर्भ मात्र आकाशवाणीच्याच जगात होता. १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांत सुमारे २,४०० खेड्यांसाठी दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. शेजारचे आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश त्यात होते, महाराष्ट्र नव्हता.

मुंबई केंद्रावर याच वर्षांत मराठी दूरचित्रवाणीचा पाया घातला गेला. डॉ. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन, स्मिता पाटील, स्मिता तळवलकर यांनी मराठी बातम्या वाचल्या. भक्ती बर्वे यांनी निवेदन केले. विनायक चासकरांचा ‘गजरा’, आकाशानंदांचे ‘ज्ञानदीप’, सुरेश खरे यांचे ‘नाट्यावलोकन’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, अरुण काकतकरांचे ‘शब्दांच्या पलीकडले’ आणि शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम घरोघरी ओळखीचे झाले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ मध्येच सुरू झाला आणि दोन दशके चालला. पुढच्या प्रत्येक वर्धापनदिनाने याच नावांचा जागर केला.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा इथल्या वाचकांना ही नावे आधी कागदावर भेटली. वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत त्यांच्याविषयी छापून येई. दिवाळीला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याचे नातेवाईक आले की चिमणरावाची नक्कल करून दाखवत. घरात रेडिओवर नागपूर केंद्र लागलेले असे आणि गप्पा अशा कार्यक्रमांच्या चालत जे कुणी पाहिले नव्हते. १९७२ साली जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाचे वय आणि मुंबई केंद्राचे वय एकच. पण दोघांची गाठ पडायला दहा-बारा वर्षे जावी लागली.

ही गाठ उपग्रहामुळे पडली. ऑगस्ट १९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी दूरचित्रवाणी संचांची मागणी वाढवली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला. त्याचे संकेत घेऊन आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत पुन्हा सोडणारे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर उभे राहू लागले; १९८४ मध्ये काही महिने तर जवळजवळ रोज एक प्रक्षेपक सुरू होत होता. विदर्भातल्या जिल्ह्याच्या गावांना दूरचित्रवाणी मिळाली ती या लाटेत.

प्रक्षेपकाच्या टप्प्यातल्या गावांत वेस्टन, टेक्सला, क्राउन, डायनोरा अशा नावांचे कृष्णधवल संच आले. अनेकांना सरकते लाकडी दार आणि कुलूप असे. टप्प्याबाहेरच्या गावांत कवेलूच्या घरांवर उंच बल्ली बांधून तिच्यावर अँटेना चढवला जाई, खाली बूस्टर लावला जाई. एकजण वर अँटेना फिरवी, दुसरा अंगणातून ओरडून सांगे, आणि पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की अख्खी बैठक समाधानाने सावरून बसे. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर गल्ली जमे. काही ठिकाणी ग्रामपंचायतीचा संच सगळ्या गावाचा असे. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर संच चालवण्याची सोय असलेले घर फार मानाचे ठरे.

या प्रक्षेपकांवरून आधी दिसली ती दिल्ली. त्यामुळे यवतमाळच्या प्रेक्षकाचे पहिले दूरचित्रवाणी तारे मराठी नव्हते. केसांत गुलाब माळून बातम्या देणाऱ्या सलमा सुलतान, ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’च्या शेवटी समजावून सांगणारे अशोक कुमार, ‘बुनियाद’मधली माणसे हे इथले पहिले परिचित चेहरे. हिंदी या जिल्ह्याला परकी नव्हती. वऱ्हाडी, बंजारा, गोंडी, कोलामी आणि सीमेवर तेलुगू बोलणाऱ्या या मुलखात बाजारहाटाला हिंदी नेहमीच चाले, म्हणून दिल्लीच्या मालिका सहज रुजल्या. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारची सकाळ त्याची झाली. अरुण गोविल आणि दीपिका चिखलिया पडद्यावर आले की म्हाताऱ्या बायका हात जोडत. १९७२चे मूल तेव्हा पंधराव्या वर्षात होते. २ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या वर्धापनदिनीच, ‘महाभारत’ सुरू झाले.

विशेष कार्यक्रमाची चव या पिढीला पहिल्यांदा दिली ती ३१ डिसेंबरच्या रात्रीने. नववर्षाच्या स्वागताला दूरदर्शन गाणी, प्रहसने, नकला आणि सिनेनट-नट्यांची हजेरी असा भरगच्च कार्यक्रम करी. यवतमाळची डिसेंबरची थंडी कडक असते. पोरे रजई घेऊन ओसरीवर बसत, बाहेर शेकोटी पेटलेली असे, आणि एरवी लवकर निजणारे घर मध्यरात्रीपर्यंत जागे राही. एरवी वेगवेगळ्या कार्यक्रमांत दिसणारी माणसे त्या रात्री एकत्र दिसत. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातही आनंदाचे मूळ हेच आहे: वर्षभर एकेकटे भेटणारे चेहरे एकमेकांशी बोलताना, हसताना दिसतात आणि पडद्यामागे एक कुटुंब आहे अशी खात्री प्रेक्षकाला पटते.

पुढे राज्यातले प्रक्षेपक उपग्रहाने मुंबईशी जोडले गेले आणि संध्याकाळची मराठी जिल्ह्यात पोचली. सातच्या बातम्यांची वेळ, प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज, कापसावरची बोंडअळी आणि फवारणी यांची माहिती देणारे ‘आमची माती आमची माणसं’ हे सारे आता इथलेही झाले. वऱ्हाडी बोलणाऱ्या शाळकरी मुलांनी वक्तृत्व स्पर्धेसाठी वृत्तनिवेदकांचे उच्चार गिरवले. शिवाजी साटम यांची ‘एक शून्य शून्य’ आणि रमेश भाटकर यांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ या मालिकांनी मराठी तपासकथांची गोडी लावली.

मुंबईच्या वर्धापनदिनाचे विशेष कार्यक्रमही आता यवतमाळला दिसू लागले आणि इथल्या प्रेक्षकाच्या मनात काळाचा क्रम उलटा जुळत गेला. स्मिता पाटील त्याला ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ची नायिका म्हणून माहीत होती. ती त्याआधी याच केंद्रावर बातम्या वाचत असे, हे तिच्या मृत्यूनंतर अशा कार्यक्रमांत त्याला उमगले. भक्ती बर्वे म्हणजे ‘ती फुलराणी’. निवेदिका भक्ती बर्वे मागाहून कळली. दिलीप प्रभावळकर त्याच्या पिढीला ‘चौकट राजा’ आणि ‘झपाटलेला’मधून भेटले होते. चिमणराव कानावरून गेला होता, तो डोळ्यांना भेटला वर्धापनदिनाच्या काही मिनिटांच्या तुकड्यात. मुंबईचा प्रेक्षक त्या तुकड्यात आपले बालपण पाहत होता. यवतमाळच्या प्रेक्षकाला ऐकीव गोष्टीचा पुरावा मिळत होता, आणि त्या पुराव्याने त्याच्याही बालपणातली एक रिकामी जागा भरली.

हे तुकडे इतके थोडे का, याचे कारण तंत्रात आहे. सुरुवातीच्या काळात ध्वनिचित्रफिती महाग होत्या. कार्यक्रम प्रसारित झाला की तीच फीत पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम मुद्रित केला जाई. अनेक गाजलेले कार्यक्रम असे कायमचे गेले. म्हणून वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांत तेच ते तुकडे पुन्हा दिसतात आणि उरलेली जागा आठवणी सांगणारी माणसे भरून काढतात. जे जतन झाले नाही ते सांगितले तरी जावे, हे या कार्यक्रमांचे मोठे काम होते. कलावंत आणि निर्माते वयोवृद्ध होत गेले तसे ते अधिक मोलाचे झाले.

नव्वदच्या दशकात पडद्याची मक्तेदारी संपली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राला वीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. यवतमाळ, पुसद, वणीच्या गल्ल्यांतून केबलच्या तारा ओढल्या गेल्या आणि गच्चीवरचे अँटेने हळूहळू वाकले. दूरदर्शनने १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठी उपग्रह वाहिनी सुरू केली. ५ एप्रिल २००० पासून ती सह्याद्री या नावाने ओळखली जाते. १९९७ मध्ये मुंबई केंद्राची पंचविशी झाली. त्याच सुमारास प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’ ही मराठी दैनंदिन मालिका लोकप्रिय झाली आणि दुपारचे घरकाम तिच्या वेळेनुसार होऊ लागले. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी आली, पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी.

खासगी वाहिन्यांनीही वर्धापनदिन साजरे केले, पण त्यांचा घाट वेगळा होता. तिथे चालू मालिकांतल्या व्यक्तिरेखा पुरस्कार घेतात, नाचतात, पुढच्या कथानकाची चाहूल देतात. तो वर्तमानाचा उत्सव असतो आणि त्याची रंगत वेगळी असते. दूरदर्शनच्या वर्धापनदिनात व्यक्तिरेखेपेक्षा केंद्रात काम केलेला माणूस महत्त्वाचा असे: निर्माता, निवेदक, कधी छायाचित्रकार किंवा नेपथ्यकार. संस्थेची परंपरा प्रेक्षकाला सांगणे हा त्याचा हेतू होता. पंचविशीतल्या यवतमाळकराला दोन्ही आवडले. वय वाढत गेले तसे दुसऱ्याचे महत्त्व त्याला जास्त पटत गेले.

२८ मार्च २०२० रोजी टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा ही पिढी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. तिने आपल्या मुलांना शेजारी बसवून ती मालिका दाखवली आणि सोबत बल्लीवरचा अँटेना, कुलपाचा संच, ओसरीवरची गर्दी हेही सांगितले. जे काम वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाने तिच्यासाठी केले होते, तेच तिने पुढच्या पिढीसाठी केले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई केंद्राला पन्नास वर्षे झाली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रदीप भिडे गेले आणि नोव्हेंबरमध्ये तबस्सुम. जमिनीवरून होणारे जुने प्रक्षेपणही याच काळात देशभर जवळजवळ पूर्ण बंद झाले. आता दूरदर्शन डीटीएच आणि भ्रमणध्वनीवर दिसते, आणि प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले जुने कार्यक्रम इंटरनेटवर खुले केले आहेत. अंतराचा प्रश्न सुटला आहे. झरी जामणीतल्या प्रेक्षकाला आणि दादरच्या प्रेक्षकाला एकच चित्रफीत एकाच क्षणी मिळते.

या इतिहासातला एक भाग मात्र अजून नोंदवायचा राहिला आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमांनी केंद्राची बाजू सांगितली. पाहणाऱ्याची बाजू, विशेषतः उशिरा पाहू लागलेल्या जिल्ह्यांची, त्यांत क्वचितच आली. लघुशक्ती प्रक्षेपकांवर काम केलेले तंत्रज्ञ, गावोगाव संच दुरुस्त करणारे मेकॅनिक, सुरुवातीचे केबलचालक, ग्रामपंचायतीच्या संचाची किल्ली सांभाळणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. पुसलेल्या फितींची उणीव कलावंतांच्या आठवणींनी काही प्रमाणात भरून निघाली. जिल्ह्यातल्या दूरचित्रवाणीची तर फीतच कधी नव्हती. तिचा सारा पुरावा या माणसांच्या बोलण्यात आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये, ग्रंथालये आणि आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र यांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात यवतमाळ जिल्ह्याचे पान त्याच्याच शब्दांत लिहिले जाईल.