पुसलेला सवाल

रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा पहिला अल्बम 1976 चा. गाणी 14, आणि सगळी मिळून मिनिटं 29. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू असते 30 मिनिटांची. उरलेल्या एका मिनिटात काय होतं, ते अख्ख्या रत्नागिरीत मला एकट्यालाच माहीत.

1996 चा भाद्रपद. मुंबईचा आतेभाऊ एस्टीने गणपतीला आला, तो ती कॅसेट घेऊन. बँडने ऑगस्टमध्येच शेवटचा कार्यक्रम करून गाशा गुंडाळला होता; आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. गौरी-गणपती गेले की भाऊ परतणार, त्याआधी कॅसेट उतरवून घ्यायची होती. शेजारी डबल डेक होता, कोरी कॅसेट तेवढी नव्हती. कपाटात वडिलांची एक सापडली. वाडीच्या मांडवात टेप मांडीवर घेऊन त्यांनी भरलेला शक्ती-तुऱ्याचा सामना. एका बाजूला शक्तीवाल्या बुवांचा सवाल, दुसरीकडे तुरेवाल्यांचं उत्तर. पुसली जाऊ नये म्हणून माथ्यावरची खिट्टी त्यांनी मोडून ठेवली होती. त्या खाचेवर मी चिकटपट्टी लावली.

मला तेव्हा शक्ती-तुऱ्यातल्या बाल्या नाचाची लाज वाटायची. सोळाव्या वर्षी पायात चाळ बांधून बुवांभोवती गोल फिरायचं? छे! मी मांडवीच्या जेटीवर कानात वॉकमन घालून बसायचो. दोन-तीन कॉर्ड, दोन मिनिटं, विषय संपला. शब्द निम्मे कळत नसत. पण बारावीच्या क्लासला द्यायचं उत्तर मिळाल्यासारखं वाटे. बँडमधल्या चौघांनी घेतलेलं आडनाव एकच, रमोन. नात्याने मात्र कोणी कोणाचं नव्हतं. आमच्या वाडीत बरोबर उलटं. आडनाव एक, रक्त एक, आणि बांधावरून बोलणं बंद.

वडिलांना महिन्याभराने कळलं. “सवाल पुसलास होय रे?” एवढंच म्हणाले. पुढे कधी लहर आली की ते दुसरी बाजू लावत. उत्तर ऐकत आणि त्यावरून सवाल काय होता ते आम्हाला सांगत. दर वेळी सवाल थोडा वेगळा असे.

कॅसेट तांदळाच्या डब्यात ठेवूनही कोकणातल्या पावसाने तिला बुरशी आणलीच. वडील गेले. रमोन्सचे मूळ चौघेही गेले, शेवटचा टॉमी 2014 मध्ये. त्यांची गाणी आता हवी तेव्हा फोनवर मिळतात. बुवांचा सवाल कुठेच मिळत नाही, मी शोधला.

रात्री कधीतरी तो अल्बम लावतो. चौदावं गाणं संपलं की कान आपोआप टवकारतात. आता खरखर येईल, मग ढोलकी, चाळांचा एक फेरा, बुवांचा अर्धा शब्द, आणि खट्. फोन तेवढा थांबत नाही. तो परस्पर दुसऱ्याच कुठल्यातरी बँडचं गाणं सुरू करतो.